एर्सिलियाबाईंचा फा

रोक्काफ्रेद्दा गावात लग्नाच्या जेवणात कुणी बेसूर गायला लागला की शेजारचा हमखास म्हणतो, "काय रे, एर्सिलियाबाईंच्या तासाला झोपायचास वाटतं?" चाळिशीच्या आतला असा एकही गाववाला सापडायचा नाही, ज्याच्या हातात एर्सिलियाबाईंनी पावा दिला नाही. पावा म्हणजे शाळेतली प्लास्टिकची उभी बासरी, तोंडात धरून फुंकायची. गावचा नोटरी, खाटीक, गेल्या निवडणुकीत आपटलेला महापौर, सगळे त्यातून गेलेत. त्यातले बहुतेक आजही वाईटच वाजवतात, पण वाजवतात.

एर्सिलिया कोलाविता इथं आली ती एका वर्षाच्या हंगामी नोकरीवर. पियानो शिकलेली, लांब बोटांची, डोक्यात मोठ्या शहरातला मोठा रंगमंच. पहिल्याच आठवड्यात पोस्टातल्या नुन्त्सिओनं तिची ट्रंक बसवरून उतरवून घरापर्यंत वाहून नेली. हा नुन्त्सिओ गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. ती ट्रंक पुन्हा काही बसवर चढली नाही. मूल झालं नाही. मग बाईंनी सगळा जीव शाळेत ओतला, आणि जीव ओतणाऱ्या माणसांची एक खोड असते ती त्यांनाही लागली: आपण ओततोय हे सगळ्यांनी सतत बघत राहावं असं त्यांना वाटायचं.

फळ्यावर सुरांच्या पाच रेघा ओढायला नुन्त्सिओनं तिला एक लाकडी पंजा करून दिला होता. त्यात पाच खडू बसायचे, एकदा हात फिरवला की पाचही रेघा सरळ. तो पंजा कुणी धरायचा यावरून पोरांची भांडणं व्हायची. धडे ती स्वतः लिहायची, दर आठवड्याला, प्रत्येक वर्गासाठी वेगळे. ज्याची बोटं आखूड त्याला तीनच सूर, ज्याला दम जास्त त्याला लांब सूर, आणि जो नुसता खोड्या काढतो त्याला मुद्दाम सगळ्यात मोक्याची जागा. कागदावर एखाद्या वेळी कॉफीचा डाग पडायचा, मग छापलेल्या प्रत्येक प्रतीवर तो उमटायचा. पोरं म्हणायची, "बाई, हा डाग वाजवायचा का?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग नोएमी आली.

नोएमी द'आलो काम्पोबास्सो शहरातली. तिशीची, आखूड केसांची, कुणाशीही पहिल्याच दिवशी हसून बोलणारी. शाळा वाढली नव्हती, पण 'ब' तुकडी तिच्याकडे गेली आणि एर्सिलियाकडे उरली फक्त 'अ'. तेवढं एर्सिलियानं गिळलं असतं. नोएमी 'तयार तास' बनवायची, ते मात्र गिळवेना. तयार तास म्हणजे अगदी तयार. पडद्यावर रंगीत चित्रं, बोटं कुठं ठेवायची त्याची गोल-गोल खूण, मागे वाजायला ढोल-गिटारसकट संगीत, शेवटी प्रश्न, आणि उत्तरं तपासायची सोयही आतच. हे सगळं ती संगणकावर सगळ्यांसाठी ठेवून द्यायची. सिसिलीपासून आल्प्सपर्यंतचे शिक्षक ते घ्यायचे आणि खाली लिहायचे: नोएमी, तू वाचवलंस. एर्सिलियाला इतक्या वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं की तू वाचवलंस.

एका रविवारी, नुन्त्सिओ वर्तमानपत्र वाचत असताना, तिनं त्यातला एक तास उघडून पाहिला. वाईट असेल अशी मोठी आशा होती. पाच मिनिटांत तिचा पाय ताल धरायला लागला.

"छान आहे गं," नुन्त्सिओ पेपराआडून म्हणाला. "तुझा?"

"नाही."

"मग कुणाचा?"

"तू पेपर वाच," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पास्त्यात मीठ पडलंच नाही.

खरा घाव बसला तो हिवाळ्यात. तिला फ्लू झाला, चार दिवस अंथरुणात. तिच्या वर्गावर पाठवलं कुणाला, तर जिमच्या सरांना! त्यांना सूर आणि सुतळी यातला फरक कळत नाही. सरांनी काय केलं, नोएमीचा तयार तास लावला आणि शिट्टी गळ्यात तशीच ठेवून खुर्चीत बसले. एर्सिलिया मफलर गुंडाळून परत आली तर 'अ' तुकडी, तिची स्वतःची 'अ' तुकडी, तिच्यावर तुटून पडली.

"बाई, काय भारी तास झाला!"

"बाई, जिमवाल्या सरांनी पण वाजवलं!"

"बाई, तुम्ही पण तसलाच लावा ना."

तिनं पंजात खडू बसवले. एक खडू मोडला. दुसरा बसवला, तोही मोडला. त्या दिवशी फळ्यावर चारच रेघा उमटल्या.

मुख्याध्यापिका वेर्रास्त्रोबाई मनानं वाईट नव्हत्या, त्यांना फक्त कामं लवकर संपवायची असायची. त्यांनी तिला खोलीत बोलावलं. "एर्सिलिया, तू कशाला इतकी मरमर करतेस? तयार आहे ना सगळं. आणि हे बघ, जूनच्या कार्यक्रमातला शेवटचा तुकडा यंदा नोएमीच्या वर्गाला देऊ. तुझी पोरं आधी दोन गाणी म्हणतील, मग तू खाली येऊन निवांत बस. किती वर्षं उभी राहिलीस!"

वर्षाअखेरच्या कार्यक्रमातला शेवटचा साल्तारेल्लो, गावचा नाच, कायम एर्सिलियानं वाजवून घेतला होता. लोक त्याच्यासाठीच खुर्च्या धरून बसायचे. बाकीचं काहीही गेलं असतं तरी चाललं असतं, तिला हवा होता तो साल्तारेल्लो. "बरं," ती म्हणाली, आणि जिन्यापर्यंत येईतो रडू दाबत आली. हेवा ही गोष्ट लहान पोरांना शोभते असं ती आयुष्यभर पोरांना सांगत आली होती. आता तिच्या पोटात तोच रोज सकाळी कॉफीच्या आधी जागा व्हायचा.

आणि मग फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सुमाराला तिला भिंतीपलीकडून तो फा ऐकू आला.

संगीताच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ. नोएमीचं तयार संगीत धडधडत असायचं आणि त्यावर 'ब' तुकडीचे पावे. सुरुवातीच्या धड्यांत सोपे सूर होते तोवर ठीक होतं. साल्तारेल्लो आला आणि त्यात फा आला, म्हणजे आपला मध्यम म्हणा. प्रत्येक ओळीच्या शेवटी लांबलचक फा. तो चढा लागत होता. थोडाथोडका नाही, अख्ख्या वर्गाचा, आंबट, दात आंबतील असा. एर्सिलियाचा हात फळ्यावर थांबला. काय झालंय हे तिला दुसऱ्याच ओळीला कळलं.

पावे दोन जातींचे असतात. दिसायला अगदी सारखे, खालच्या एका भोकाचा आकार आणि पाठीवर कोरलेलं जातीचं अक्षर तेवढं वेगळं. एक जर्मन, सोपा. त्यावर फा हवा असला की डावा हात पूर्ण आणि उजव्याचं पहिलं बोट ठेवायचं, झालं काम. दुसरा बरोक. त्यावर मधलं बोट वर ठेवून अनामिका आणि करंगळीही टेकवावी लागते, नाहीतर फा चढतो. अवघड आहे, पण पुढचे बारीक सूर त्यावर खरे लागतात. म्हणून एर्सिलियानं नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्टेशनरीवाल्या दोनातोला दम भरला होता: "ठेवशील तर बरोक ठेव, सोपे पावे माझ्या शाळेत नकोत." तेव्हापासून गावात दुसरी जात आलीच नाही. भावाचा पावा बहिणीला, काकाचा पुतण्याला, सगळे तेच. नोएमी पियानोवाली, तिचा पावा काम्पोबास्सोचा, जर्मन. तिच्या तयार तासातली रंगीत गोल खूण जर्मन पाव्याची. तिच्या हातात फा गोड लागायचा. पोरांच्या हातात आंबट.

शिक्षकांच्या खोलीत नोएमी कॉफीच्या यंत्रापुढे उभी राहून वैतागली होती. "समजत नाही मला. मी वाजवते तर बरोबर येतो. ही मुलं फार जोरात फुंकतात. किती सांगू, हळू फुंका, हळू फुंका! एर्सिलियाबाई, तुमच्या वर्गात असं होतं का हो?"

एका वाक्याचं काम होतं. पावा उलटा कर, पाठीमागचं अक्षर बघ, एवढंच. एर्सिलियानं कपात साखर ढवळली. ती साखर घेत नाही.

"मुलांचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली.

आणि वर्गाकडे जाताना तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोला, तिला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. रोज भिंतीपलीकडून तो आंबट फा यायचा आणि ती 'अ' तुकडीला म्हणायची, "शांत बसा जरा," आणि स्वतः ऐकायची. जूनमध्ये सगळं गाव ऐकेल. मग बघू, कोण वाचवतं ते.

फिओरेन्त्सा 'ब' तुकडीतली, बेकरीवाल्या पाओलुच्चींची धाकटी. एप्रिलमध्ये एक दिवस तास चालू असताना ती बाहेर बाकावर बसलेली एर्सिलियाला दिसली, मांडीवर पावा.

"काय गं, बाहेर काढलं?"

"नाही बाई. मीच पाणी प्यायला म्हणून आले." मग पावा फ्रॉकला पुसत, "बाई, मला कान नाहीये."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे. नोएमीबाई म्हणाल्या, ज्यांचा फा येत नाही त्यांनी फा आला की फुंकायचं नाही, नुसती बोटं हलवायची. आम्ही सगळेच नुसती बोटं हलवतो. पण त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं." तिनं नाक पुसलं. "आमच्या दादाला येत होतं. त्याचाच पावा आहे. तरी येत नाही, म्हणजे मीच."

एर्सिलियानं पावा हातात घेतला. तोंडापाशी कुणीतरी चावलेला, पाठीवर कर्कटकाच्या टोकानं 'राफ्फाएले पा.' असं खरवडलेलं. ते खरवडताना तिनंच त्याला पकडलं होतं आणि कान उपटला होता. त्या राफ्फाएलेला कसला कान, दगड होता नुसता. दोन वर्षं घासून घासून तिनं त्याच्याकडून एक नाच वाजवून घेतला होता. कुणाला कान नसतो असं होत नाही, हे ती पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गाला सांगायची. आणि आता ही पोरगी बाकावर बसून स्वतःला बहिरी ठरवत होती, कारण एर्सिलियाला गंमत बघायची होती. तिला लाज वाटली. पोटातला हेवा काही त्यामुळे गेला नाही, तो तिथंच होता. पण लाजेनं त्याला कोपरखळी मारून बाजूला केलं.

"वाजव फा."

फिओरेन्त्सानं वाजवला. आंबट.

"आता मधलं बोट वर राहू दे. त्याच्या पुढची दोन खाली. करंगळीसुद्धा. हं, वाजव."

फा आला. साधा, गोल, जिथं असायला हवा तिथं. पोरीनं पावा तोंडातून काढून त्याच्याकडे पाहिलं, कुणी आत बसलंय की काय असं. मग पुन्हा वाजवला. मग हसली, आणि एर्सिलियाला तिच्यात राफ्फाएले दिसला.

"कुणाला सांगायचं नाही, मी शिकवलं म्हणून."

"नाही सांगणार, देवाशप्पथ."

देवाशप्पथ म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. सकाळी 'ब' तुकडीची चार पोरं जिन्यात वाट बघत होती, दुपारी सात. "बाई, फा दाखवा ना." एर्सिलिया कुरकुरली, ओरडली, आणि दाखवला. पुढं पुढं तर ती 'ब'च्या काचेच्या दारावरून जायची तेव्हा पोरं आतून बघायची, आणि ती चालता चालता वहीवर दोन बोटं टेकवून दाखवायची, मधलं वर. आत लगेच फा स्वच्छ व्हायचा. नोएमीची पाठ दाराकडे असायची.

भिंतीपलीकडून आता गोड फा यायला लागला. एर्सिलियाला तोही सहन होईना. होतं ते एकुलतं एक हत्यार तिनं स्वतःच्या हातानं देऊन टाकलं होतं, आणि जिचं त्यामुळे भलं झालं त्या नोएमीला पत्ताही नव्हता.

मे महिन्यात नोएमी शिक्षकांच्या खोलीत नाचत आली. "लागला! फा लागला! मागचं संगीत मी जरा हळू केलं ना, मुलांना स्वतःचं ऐकू यायला लागलं. आता तो बदल मी सगळ्यांसाठी टाकलाय. लोकांनी काय काय लिहिलंय बघा!"

"शाब्बास," वेर्रास्त्रोबाई म्हणाल्या. "बघ एर्सिलिया, असं असतं. कुठं अडलं की लगेच सुधारायचं."

एर्सिलियाच्या तोंडात बिस्किट होतं. ती ते चावत राहिली, चावत राहिली, आणि कधी गिळलं ते तिला कळलं नाही. खिडकीतून नोएमीला ढकलून द्यावं असं वाटण्याइतपत ती वाईट नव्हती. खिडकी तळमजल्याची होती म्हणा.

कार्यक्रम शाळेच्या अंगणात झाला. खुर्च्या चर्चच्या सभागृहातून आणलेल्या, मागे टेबलावर आयांनी केलेले पिझ्झाचे चौकोन, जर्दाळूच्या मुरंब्याचे केक, संत्र्याचं सरबत. 'अ' तुकडीनं दोन गाणी म्हटली. बरी झाली. टाळ्या पडल्या, आणि एर्सिलिया पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेत नुन्त्सिओशेजारी येऊन बसली. पर्स मांडीवर, पर्सवर हात.

मग 'ब' तुकडी उभी राहिली, आणि नोएमीनं त्यांच्यासमोर, प्रेक्षकांनाही दिसेल असा बाजूला, मोठा पडदा लावला. त्यावर रंगीत सूर एकेक करून उजळत जाणार होते आणि प्रत्येक सुराखाली बोटांची गोल खूण. लोकांनी "अरे वा" केलं. एर्सिलियानं त्यात फा शोधला. फाची खूण तीच होती, जुनी, जर्मन.

तयार संगीत सुरू झालं. पोरांचे चेहरे पांढरे पडलेले. घाबरलेलं मूल समोर जे मोठं दिसेल त्यावर विश्वास ठेवतं. पहिल्या ओळीचा शेवट आला, पडद्यावर फा उजळला, आणि अर्ध्या वर्गानं पडद्यावरची बोटं ठेवली. तो आंबट सूर अंगणभर पसरला. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. पुढच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

हेच तर हवं होतं. कार्निव्हलपासून हेच हवं होतं. एर्सिलिया सरळ बसली, आणि खोटं कशाला, एक क्षणभर तिला फार गोड वाटलं.

मग तिला दिसलं की पोरं पडद्याकडे बघत नाहीयेत. नोएमीच्या हाताकडेही नाही. आधी फिओरेन्त्सा, मग तिच्या शेजारचे दोघं, मग मागची रांग. पावे तोंडात, आणि डोळे खुर्च्यांवरून फिरत काहीतरी शोधत होते. पहिली रांग, दुसरी. तिसऱ्या रांगेत येऊन ते थांबले.

दुसरी ओळ संपत आली होती.

"काय गं, तुझ्याकडे का बघतायत सगळे?" नुन्त्सिओ कुजबुजला.

एर्सिलियानं पर्स छातीशी उभी धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिच्यावर उजवा हात ठेवला. मधलं बोट वर. अनामिका खाली, करंगळी खाली.

फा आला. सगळ्यांचा, एकदम, स्वच्छ. तान्हंसुद्धा गप्प झालं. तिसऱ्या ओळीला पुन्हा, चौथीला पुन्हा, दर ओळीच्या शेवटी अख्खी तुकडी पडदा सोडून तिसऱ्या रांगेकडे बघायची, आणि प्रत्येक वेळी ती दोन बोटं पर्सवर टेकायची. पुढच्या रांगांतले लोक माना वळवून मागे बघायला लागले. नोटरीनं बघितलं, खाटकानं बघितलं, आणि त्यांची स्वतःची बोटं नकळत गुडघ्यांवर त्याच जागी गेली. त्यांनाही हा फा तिनंच शिकवला होता.

शेवटचा फा सर्वात लांब. नोएमीचा हात हवेत होता, पण तिच्या लक्षात आलं की त्या हाताकडे कुणीच बघत नाहीये. पोरं जिथं बघत होती तिकडं तिनंही मान वळवली. तिला एर्सिलिया दिसली, पर्स दिसली, ती दोन बोटं दिसली. मग तिनं पडद्यावरच्या स्वतःच्या गोल खुणेकडे पाहिलं, आणि परत बोटांकडे. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग आक्रसला, ओठ पातळ झाले.

तो चेहरा एर्सिलियाला नवा नव्हता. वर्षभर रोज सकाळी केस विंचरताना तो तिला आरशात भेटत होता.

टाळ्या सुरू झाल्या. वेर्रास्त्रोबाई फुलं घेऊन नोएमीकडे गेल्या, काहीतरी तयार तासांबद्दल बोलल्या, लोक उठून उभे राहिले. नोएमी फुलं हातात घेऊन उभी होती आणि अजून तिसऱ्या रांगेकडेच बघत होती. एर्सिलियानं शेजारच्या खुर्चीवरचा नुन्त्सिओचा कोट उचलला.

"अरे, तो माझा कोट आहे," नुन्त्सिओ म्हणाला.

"असू दे. नोएमीला बसायला जागा कर," एर्सिलिया म्हणाली. "आणि जा, कुणा पोराचा पावा मागून आण."